पाठमोरी

प्रिय पिटुकले,

हे पत्र आत्याच्या हाती पाठवतोय. तू वाचून संपवेपर्यंत दारातून हलायचं नाही असं मी तिला बजावलंय, आणि ती किती चिवट आहे हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग खुशाल फाड. दीड वर्षात तू माझा एकही फोन उचलला नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही, तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. पण मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती पहिल्याच ओळीत मागितली, तर म्हातारा चळला म्हणून तू पत्र मिटून ठेवशील. म्हणून जसं घडलं तसं सांगतो. मागणं शेवटी आहे, तिथपर्यंत ये.

पहिली बातमी अशी, की तुझा बाबा रोज सकाळी बागेत जाऊन चिगाँग करतो, तीच ती श्वासाबरोबर सावकाश हात हलवायची चिनी कसरत. हसलीस ना? हस. सहा वर्षं तुझी आई जायची तेव्हा मी दारात चहाचा कप घेऊन उभा राहायचो आणि म्हणायचो, निघाली बाई हवा ढवळायला. ती बुटाची नाडी बांधायची आणि जायची. एकदाच म्हणाली होती की तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे सरळ केलेत, स्वतः मात्र एका बाजूला कललेले आहात. मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या दुकानात वजनकाटे दुरुस्तीला यायचे, माणसं नव्हे. आता काटेही येत नाहीत, सगळ्यांकडे आकडे दाखवणारे आले. दुकान मी विकलेलं नाही, बंदही केलेलं नाही, फक्त उघडत नाही.

बागेत मी गेलो तो शिकायला गेलोच नव्हतो. तिथली शिकवणारी बाई पूर्वी टपाल वाटायची, म्हणून तिला सगळे टपालबाईच म्हणतात. काटकुळी, तुरुतुरु चालणारी, आवाज मात्र खणखणीत. आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी ती घरी आली आणि म्हणाली, त्यांची जागा अजून रिकामी ठेवली आहे. त्यांच्यात अशी रीत आहे म्हणे. एखादं माणूस गेलं की रांग लगेच सरकवत नाहीत. घरच्या कुणीतरी एक दिवस येऊन त्या जागी उभं राहायचं, मग ती जागा मोकळी झाली असं धरायचं. मला हे थोतांड वाटलं. पण आईची जागा ताटकळत ठेवणंही बरं वाटेना. एक दिवसाचा तर प्रश्न, म्हणून गेलो.

बाग मोठी आहे, तुला लहानपणी नेलेली. मागच्या बाजूला तळं, तळ्याला गुडघाभर उंचीचं कुंपण, कुंपणाच्या अलीकडे गवत. त्या गवतावर तीन रांगा. आईची जागा सगळ्यात मागे, डाव्या टोकाला, एका जुन्या झाडाच्या मुळाजवळ. टपालबाईंनी सांगितलं, पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल सोडा, डोक्याला वरून कुणी दोरीनं धरलंय असं समजा आणि तळपायातून श्वास घ्या. नाक असताना तळपायातून कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण सगळे इतके गप्प उभे होते की मीही गप्प राहिलो. पानांचा आवाज, पाण्याचा वास, मधूनच एखादा पक्षी. म्हटलं, चला, दहा मिनिटांत सुटका.

एकूण आठ हालचाली असतात. पहिल्या चार उगवतीकडे तोंड करून, तेव्हा पुढच्यांचं बघून रेटता येतं. पण चौथी झाली की सगळे सावकाश मागे वळतात, तळ्याकडे तोंड करतात, आणि शेवटची रांग पहिली होते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. वळलो तर माझ्यापुढे कोणीच नाही आणि मागे पंचवीस माणसं माझ्याकडे बघून हात हलवायच्या तयारीत. माझी काय फजिती झाली म्हणून सांगू! कान तापले. पळ काढावा तर कसा काढावा. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या धुक्यात मला एक बाई दिसली. पाठमोरी, करडे सैल कपडे. ती संथपणे हात उचलत होती. देवासारखी धावून आली म्हणायची, असं म्हणून मी तिचं बघून बघून चारही हालचाली पार पाडल्या. माझ्यापेक्षा अर्धा श्वास पुढे असायची ती, त्यामुळे सोपं गेलं. मागच्या रांगेतला एक बेकरीवाला म्हणाला, पहिल्या दिवसाच्या मानानं बरं जमलं हो. मी मानभावीपणे मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जायचं काही कारण नव्हतं. तरी गेलो. बरं जमलं असं मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं, दुसरं काय! त्या दिवशी सहावी हालचाल नीट पाहिली. दोन्ही तळवे पोटापासून वर उचलायचे, छातीशी उलटे करायचे आणि आकाशाला टेकू द्यावा तसे पार डोक्यावर न्यायचे. त्या बाईचा एक हात वर गेला. दुसरा कानापर्यंत आला आणि थांबला. थोडा थरथरला. मग तिथूनच खाली आला.

शेवटच्या वर्षात तुझ्या आईचा हात असाच थांबायचा, तू पाहिलं आहेस. वरच्या फळीवरचा डबा तिला काढता येईना, वेणी घालताना अर्ध्यात हात खाली घ्यायची. मी ती धुक्यातली पाठ बघत राहिलो आणि मागच्या पंचवीस जणांदेखत माझाही हात कानापाशी थांबवला. घरी येईपर्यंत माझी खात्री पटली होती. आईच्या जागेवर उभं राहिलं की आई दिसते, यात मला त्या वेळी जराही विचित्र वाटलं नाही. उलट इतके दिवस आपण आलो नाही याचंच वाईट वाटलं.

आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहितो. ती म्हणायची, खांदा दुखतो. मी म्हणायचो, झोपेत अवघडला असेल, तेल लाव, उतरेल. एकदा नव्हे, सात महिने म्हणत होतो. ती ऐकायची आणि तेल लावायची. शेवटी तू आलीस, तिला हाताला धरून घेऊन गेलीस, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं खांद्याचं नाहीच, फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ आहे, ती खांद्यात कळा पाठवते आहे. दवाखान्याच्या जिन्यात तू मला विचारलंस, बाबा, सात महिने तुम्ही काय करत होतात? मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस.

तर मी रोज जाऊ लागलो. चक्क दाढी करून जायचो. टपालबाईंचा एक नियम आहे, पहिले शंभर दिवस नव्या माणसाला त्या एका शब्दानंही सुधारत नाहीत. शरीराला आधी त्याच्या मनासारखं बसू द्यायचं म्हणतात. मला ते पथ्यावर पडलं. मी माझ्या गुरूकडून शिकत होतो. आणि पिटुकले, खरं सांगतो, ते हवा ढवळणं नाही. हळूहळू कळतं, वाऱ्यानं झाडाचा शेंडा हलतो पण बुंधा हलत नाही, तसं आपल्यालाही उभं राहता येतं. गुडघेदुखी गेली. झोप लागू लागली. श्वास एवढा लांब असतो हे मला सत्तराव्या वर्षी समजलं.

काही गोष्टी मात्र मी पाहूनही न पाहिल्यासारख्या केल्या. थंडी पडली तेव्हा सगळ्यांच्या तोंडून वाफ निघायची, तिच्या बाजूला कधीच काही नसायचं. पाणकोंबड्या तिच्या पायांच्या जागेतून सरळ आरपार पोहत जायच्या. एकदा मी बेकरीवाल्याला सहज म्हणून विचारलं, कुंपणापलीकडे रोज एक बाई येते, कोण हो ती? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, अहो, पलीकडे कमरेएवढं पाणी आहे, तिथे कोण उभं राहील? मी म्हटलं, खरंच की, धुक्यात भास झाला असेल. आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. मी रोज मनातल्या मनात तिची माफी मागायचो. सहाव्या हालचालीत हात थांबला की म्हणायचो, चुकलो, एकदा मागे वळून बघ. ती कधी वळली नाही. मला वाटायचं अजून राग गेलेला नाही, आणि तो तिचा हक्कच होता.

एकशे एकावा दिवस गेल्या सोमवारी झाला. सगळे पांगल्यावर टपालबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, आता बोलते. बाकी छान बसलंय, पण सहावीत उजवा हात अर्ध्यावर का सोडता? खांदा धरलाय का? मी म्हणालो, खांदा ठणठणीत आहे, ही माझ्या बायकोची लकब आहे, तिचं बघून उचलली. मग म्हणाल्या, त्यांचा डावा होता.

मी म्हणालो, तुमचा घोटाळा होतोय. त्या म्हणाल्या, तीस वर्षं घरोघर पत्रं टाकली, कुठल्या दाराला कडी डावीकडे आणि कुठल्याला उजवीकडे हे मला अजून पाठ आहे. शेवटच्या रांगेतून त्या आम्हा सगळ्यांच्या पुढे असायच्या. शेवटचं वर्षभर त्यांचा डावा हात बघत हालचाल केली आहे मी. तुमचा उजवा थांबतो. आणि पहिल्या महिन्यात कानाशी थांबायचा, आता हनुवटीशी थांबतो. ते मला जास्त खटकतंय.

बाळा, चाळीस वर्षं मी डावं पारडं आणि उजवं पारडं यातच घालवली. केसाएवढा फरक माझ्या नजरेतून सुटायचा नाही. आणि माझ्या बायकोचा कुठला खांदा दुखत होता हे मला माहीत नव्हतं. आठवून बघितलं, आठवेना. तेल लाव म्हणून सांगायचो, पण बाटली उचलून एकदाही मी स्वतः लावलं नव्हतं. घरी येऊन तिचं कपाट उघडलं. आजवर उघडलं नव्हतं. तिचे सात झगे निघाले आणि सातही झग्यांची डावी बाही काखेत उसवलेली होती. हात आत जावा म्हणून तिनं स्वतःच उसवून तिथे कापडाचं ठिगळ घातलं होतं, बारीक टाक्यांनी, बाहेरून दिसू नये असं. सातही झगे मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसलो आणि दुपार तिथेच गेली. मी रडलो हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

रडून झाल्यावर मग तो दुसरा प्रश्न आला, आणि माझी पाचावर धारण बसली. ती आई नाही, तर तिथे कोण उभं राहतं?

मंगळवारी धुकं विरळ होतं. या वेळी मी हालचाल केलीच नाही, नुसता बघत राहिलो. मागचे गोंधळले असतील, असू देत. आधी दिसलं की ती उंच आहे. आई माझ्या खांद्याला लागायची, ही नाही. मग दिसलं की प्रत्येक हालचाल ती डाव्या हातानं सुरू करते, डावखुऱ्या माणसासारखी. मग वाऱ्यानं धुकं सरकलं, तिची मान दिसली, आणि तिथे अंबाड्यात एक पेन्सिल आडवी खोचलेली होती. दोन हालचालींच्या मध्ये थांबायचं असतं, तेव्हा तिनं डावा पाय उचलला आणि उजव्या पोटरीवर घासला. माझ्या कामाच्या टेबलापाशी वजनं रचत उभं राहून असं करताना मी कुणाला पाहिलं आहे, हे तुला सांगायची गरज नाही. नकाशे काढताना पेन्सिल केसांत खोचून ती घरभर शोधत फिरायची सवय कुणाची, तेही नाही.

मी तुझ्या नावानं हाक मारली. सगळ्या बागेत शांतता होती, त्यात माझा घोगरा आवाज. ती थांबली. लांबून कुणी बोलावल्यावर आपण कान देतो तसा तिनं चेहरा जरासा वळवला. पूर्ण नाही, गालाची कड दिसेल इतकाच. मग सहावी हालचाल सुरू झाली. डावा हात आकाशाला लागला. उजवा खांद्याच्या वर गेलाच नाही. माझ्या मागे पंचवीस माणसं उभी होती आणि त्यातल्या एकालाही काही दिसत नव्हतं. मी कुंपण ओलांडून पाण्यात उतरलो. बेकरीवाल्यानं आणि आणखी एकानं मला दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा तिथे फक्त पाणी होतं.

ओल्या कपड्यांनीच घरी आलो आणि आत्याला फोन लावला. तिला काही सांगितलं नाही, फक्त तू कशी आहेस ते विचारलं. ती म्हणाली, मजेत आहे, कामाचा रगाडा आहे, उजवा खांदा तेवढा धरलाय तिचा. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, झाले असतील तीन-चार महिने. टेबलावर वाकून वाकून होतं म्हणते. मी विचारलं, दाखवला का कुणाला? आत्या म्हणाली, छे, तेल लावते, उतरेल म्हणाली. पुढचं मला ऐकू आलं नाही. ती हॅलो हॅलो करत राहिली, तेव्हा कुठे मी तिला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली.

एवढ्यासाठी हे पत्र. मला काय दिसलं ते खरं की माझं डोकं फिरलं, याचा वाद तू हवा तितका घाल, माझी हरकत नाही. काही निघालं नाही, नुसता खांदाच निघाला, तर सगळ्या नातेवाइकांत मला वेड्यात काढ, मी आनंदानं वेडा होईन. पण खांद्याचं मलम घेऊन परत येऊ नकोस. आईचं सगळं डॉक्टरांना सांग, पहिल्या दिवसापासून, आणि छातीचा एक्स-रे काढायला लाव. त्यांनी गरज नाही म्हटलं तर आत्या तिथे ठाण मांडून बसेल. आज साडेअकराची वेळ तिनं घेऊन ठेवली आहे. त्या बदल्यात मला काही नको. माझा फोन घेऊ नकोस, पत्राला उत्तर देऊ नकोस, आयुष्यभर बोलू नकोस. तुझ्या आईला कुठे दुखतं हे मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही. तुझा उजवा खांदा आहे, मागच्या बाजूनं, आणि हात आता खांद्याच्या वर जात नाही. आत्यालासुद्धा तू हे सांगितलेलं नाहीस, पण मला माहीत आहे. गाडी खाली उभी आहे, पिटुकले. ऊठ.

तुझाच,
बाबा